आधी खुर्ची उलटी करा: जुन्या बिनहातांच्या खुर्च्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रं जुन्या, बिनहातांच्या खुर्च्यांबद्दल आहेत. जेवणाच्या टेबलाभोवती, लिहिण्याच्या टेबलापाशी किंवा नुसती भिंतीलगत ठेवतात ती ही खुर्ची. विक्रेते तिला साइड चेअर म्हणतात. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : जुन्या सामानाच्या विक्रीत खुर्ची आवडते, पण घ्यावी की नाही हे तिथल्या तिथे ठरवता येत नाही. दहा मिनिटांत काय काय तपासावं?

उत्तर : बसून पाहण्याआधी खुर्ची उलटी करा. पॉलिश, कापड, गादी हे सगळं नंतर बदलता येतं. सांगाडा बदलता येत नाही, आणि सांगाड्याची खरी अवस्था खालूनच कळते. सोबत छोटी बॅटरी, मोजपट्टी आणि एक दाभण ठेवा.

पहिली नजर मागच्या पायांवर. मागचा पाय आणि बैठकीच्या चौकटीची बाजूची पट्टी जिथे मिळते, तो सांधा खुर्चीत सगळ्यात जास्त सोसतो. माणूस मागे रेलला की पाठीची तरफ होते आणि सगळा ताण या दोन सांध्यांवर येतो. हातांच्या खुर्चीत हाताची दांडी त्यातला काही ताण वाटून घेते. बिनहातांच्या खुर्चीत तो आधारच नसतो. म्हणून खुर्ची सपाट फरशीवर उभी करा, बैठकीच्या पुढच्या कडेवर एक हात दाबून ठेवा, दुसऱ्या हाताने माथ्याची पट्टी धरून पुढे-मागे ढकला आणि डोळे त्या सांध्यावर ठेवा. सांध्याची रेघ उघडमीट करत असेल तर सरस सुटला आहे. एवढ्यावरून खुर्ची नाकारू नका, कारण सुटलेला सांधा पुन्हा चिकटवता येतो. सांध्यापाशी पायाचं लाकूडच उभं चिरलं असेल तर मात्र विचार करा. तिथे खाच खोदल्यामुळे लाकूड आधीच कमी असतं, आणि चिरलेला भाग चिकटवूनही जिथे सगळ्यात जास्त ताकद हवी तिथेच दुबळा राहतो.

मग आधीच्या दुरुस्त्या शोधा. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत त्रिकोणी लाकडी ठोकळे असणं चांगलं. ते मूळचेच असतात किंवा समजून-उमजून बसवलेले असतात. लोखंडी कोन, बाहेरून ठोकलेले खिळे, सांध्यातून ओघळून वाळलेला एपॉक्सी (दोन भाग मिसळून करायचा पक्का गोंद) दिसला तर सावध व्हा. खिळ्याने सांधा घट्ट होत नाही. लाकूड हवेबरोबर आकसतं-फुगतं, खिळा आहे तसाच राहतो, आणि काही वर्षांत खिळ्याभोवती चीर पडते. शिवाय असा सांधा नीट उघडताही येत नाही; पुढच्या कारागिराला आधी खिळे उपटावे लागतात आणि प्रत्येक खिळ्यासोबत लाकडाचा तुकडा जातो.

तिसरी गोष्ट वळणदार भागांची. तलवारीसारखे बाहेर वळलेले पाय किंवा फुग्याच्या आकाराची पाठ सरळ फळीतून कापून काढलेली असते. त्यामुळे वळणाच्या जागी लाकडाचे तंतू लांबीने न जाता आडवे तुटतात, आणि खुर्ची मोडते ती तिथेच. पॉलिशखाली केसासारखी बारीक रेघ किंवा रंगाचा वेगळा पट्टा दिसतो का, हे बॅटरी तिरपी धरून पाहा. अशी फुगापाठीची खुर्ची उचलायची ती नेहमी बैठकीच्या चौकटीला धरून, माथ्याला धरून कधीच नाही.

शेवटी पायांची टोकं पाहा. ओल्या फरशीवर वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या खुर्चीचे पाय तळाशी कुजतात आणि मग कोणीतरी ते कापतं किंवा खाली तुकडा जोडतं. नीट जोडलेला तुकडा चालतो. मागचे पाय पुढच्यापेक्षा जास्त कापले गेले असतील तर बैठक मागे कलते आणि बसणारा टेबलापासून दूर ओढला जातो. बैठकीची उंची पुढे आणि मागे मोजा. मागे एक-दोन सेंटिमीटरचा उतार ठीक, त्याहून बराच जास्त असला तर पाय कापलेले असण्याची शक्यता मोठी.

हे सगळं झालं की बसा. पाच मिनिटं तरी बसा, आणि बसल्या बसल्या हलके मागे रेलून कुरकुर कुठून येते ते ऐका.

प्रश्न : एक विक्रेता ‘चिपेंडेल खुर्ची’ म्हणतो, दुसरा ‘अँटिक’, तिसरा ‘व्हिंटेज’. यातलं नेमकं काय समजायचं?

उत्तर : व्यवहारात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणतात. त्याहून अलीकडची, पण एखाद्या काळाची स्पष्ट ओळख बाळगणारी वस्तू व्हिंटेज. साधारण वीस वर्षांखालच्या वस्तूला हा शब्द लावू नये.

शैलीचं नाव आणि वय यांचा मात्र काहीही संबंध धरू नका. थॉमस चिपेंडेल यांनी लंडनमध्ये १७५४ साली फर्निचरच्या नमुन्यांचं पुस्तक छापलं. ते कारागिरांपर्यंत पोहोचलं आणि त्यावरून असंख्य लोकांनी खुर्च्या केल्या. पाठीला ढालीचा आकार म्हटलं की हेपलव्हाइट यांचं नाव येतं. त्यांचे नमुने १७८८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. चौकोनी, सडपातळ पाठीशी शेरेटन यांचं नाव जोडलं जातं; त्यांचे नमुने १७९० च्या दशकातले. या साऱ्या शैलींची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला मोठी लाट पुन्हा आली. म्हणजे ‘चिपेंडेल’ खुर्ची १७६० ची असू शकते, १९१० ची असू शकते आणि काल-परवाचीही. १९१० ची चांगली बांधलेली खुर्ची रोज वापरायला उत्तमच असते. ती १७६० ची म्हणून विकत घेऊ नये, इतकंच.

वय ठरवताना नक्षी बाजूला ठेवून खुणा वाचा. चौकटीच्या आतल्या, पॉलिश न केलेल्या बाजूवर बोट फिरवा. हाताच्या रंध्याच्या हलक्या लाटा बोटाला लागतात. करवतीच्या खुणा सरळ आणि किंचित विस्कळीत असतील तर लाकूड हाताने चिरलेलं असू शकतं. कमानदार असतील तर गोल करवतीने, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकात किंवा नंतर. स्क्रू काढता आला तर त्याचं टोक पाहा. अणकुचीदार टोकाचे स्क्रू १८४० च्या दशकाच्या शेवटी रुळू लागले, त्याआधीचे बोथट असत आणि त्यांच्या डोक्यावरची खाच पुष्कळदा मध्यातून सरकलेली असे. अधिक चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला. अठराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या खुर्चीत तो दिसला तर दुरुस्ती झाली आहे किंवा खुर्ची नंतरची आहे. कोणतं खरं, ते बाकीचे स्क्रू सांगतील.

कातकाम केलेल्या, म्हणजे लेथवर घडवलेल्या गोल पायाचा व्यास कॅलिपरने एकदा आणि काटकोनात फिरवून पुन्हा मोजा. लाकूड वर्षानुवर्षं वाळताना एका दिशेने जास्त आकसतं, म्हणून खरोखर जुना पाय किंचित लंबगोल झालेला असतो. कातावरून नुकताच उतरलेला पाय दोन्हीकडून सारखा भरतो.

झीजही वाचता येते. पुढच्या आडव्या दांडीवर पावलं टेकतात तिथे ती झिजते, माथ्याच्या पट्टीवर बोटं पडतात तिथे, मागच्या पायांच्या तळाला मागच्या कडेने. माणसाचं शरीर जिथे पोहोचतच नाही अशा ठिकाणीही सारखीच झीज दिसली, किंवा खालचं सगळं लाकूड एकाच गडद रंगाने माखलेलं दिसलं, तर ते मुद्दाम केलेलं असतं. उघडं लाकूड हवेने काळवंडतं ते असमान; झाकलेल्या जागी फिकट, उघड्या जागी गडद.

प्रश्न : सहा खुर्च्यांचा जुना संच मिळतो आहे. सगळ्या मूळच्याच आहेत हे कसं ओळखायचं?

उत्तर : सहाही ओळीने उलट्या ठेवा. जुने कारागीर चौकटीवर आणि उचलून काढता येणाऱ्या गादीच्या लाकडी चौकटीवर पटाशीने रोमन आकडे कोरत, म्हणजे ज्या खुर्चीची गादी त्याच खुर्चीत बसे. चौथ्या खुर्चीत सातव्या आकड्याची गादी सापडली तर घाबरायचं कारण नाही, गाद्यांची अदलाबदल सर्रास होते. पण सहा खुर्च्यांच्या संचात चौकटीवरच नऊचा आकडा दिसला, तर मूळ संच मोठा होता आणि त्याची वाटणी झाली.

खरा धोका वाढवलेल्या संचाचा असतो. चार खुर्च्या सुट्या करून त्यांचे भाग सहांत वाटायचे, उरलेले भाग नवे करून भरायचे, ही जुनीच युक्ती आहे. म्हणून प्रत्येक खुर्चीच्या चारही पट्ट्या, दोन्ही मागचे पाय आणि माथा यांचं लाकूड आपापसांत जुळतं का पाहा. एका खुर्चीत दोन भाग फिकट आणि दुसरीत वेगळेच दोन फिकट, अशी मांडणी दिसली की समजावं. कोरीवकामही शेजारी शेजारी ठेवून पाहा. हाताच्या कोरीवकामात सहा खुर्च्यांत बारीक फरक असणारच. एखाद-दोन खुर्च्यांतलं काम बाकीच्यांपेक्षा उथळ, सपाट वाटलं तर त्या नंतर जोडलेल्या आहेत.

रोजच्या वापरासाठी मूळ संचाचा हट्ट धरावा असं आम्हाला वाटत नाही. संच पूर्ण असला की त्याची किंमत सहा सुट्या खुर्च्यांपेक्षा बरीच जास्त मागितली जाते. वेगवेगळ्या पाठींच्या सहा खुर्च्याही एका टेबलाभोवती छान दिसतात. त्यासाठी बैठकीची उंची सगळ्यांची सारखी हवी, फरक फार तर एक-दीड सेंटिमीटर. त्याशिवाय आणखी एक गोष्ट समान ठेवा: लाकडाचा रंग, पाठीची उंची किंवा बैठकीचं कापड. तिन्ही वेगळ्या झाल्या की पसारा वाटतो.

प्रश्न : घरातल्या टेबलाला जुनी खुर्ची उंचीने जुळेल का, हे मोजून कसं ठरवावं?

उत्तर : टेबलाची उंची साधारण ७३ ते ७६ सेंटिमीटर असते आणि खुर्चीच्या बैठकीची ४३ ते ४८. दोन्हींत २८ ते ३० सेंटिमीटरचं अंतर सोयीचं. टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापेक्षाही महत्त्वाची त्याखालची पट्टी. तिच्या खालच्या कडेपासून बैठकीपर्यंत किमान १८ ते २० सेंटिमीटर मोकळे हवेत, नाहीतर मांड्या अडकतात. गादी असेल तर कोणाला तरी बसवून मोजा, कारण चांगली स्प्रिंगची गादी दोन-तीन सेंटिमीटर सहज दबते.

एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक देखण्या खुर्च्या झोपण्याच्या खोलीसाठी होत्या, आणि त्यांची बैठक ४० सेंटिमीटरच्या आसपास किंवा खालीच भरते. अशा खुर्च्या जेवायला नकोत. पायांखाली ठोकळे लावून त्या उंच करता येतात, पण प्रमाण बिघडतं आणि जोडावर नवा ताण येतो. भिंतीलगत किंवा पलंगाशेजारी त्या शोभतात.

रुंदीचा हिशेब असा: टेबलाच्या कडेने माणशी ६० सेंटिमीटर धरा. बिनहातांची खुर्ची बहुधा ४५ ते ५० रुंद असते, त्यामुळे दोन खुर्च्यांमध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर सुटतात. लांबीच्या कडेला दोन खुर्च्या बसवायच्या असतील तर टेबलाच्या पायांमधलं आतलं अंतर मोजा, नुसती टेबलाची लांबी नको. खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलामागे किमान ७५ सेंटिमीटर मोकळे ठेवा.

प्रश्न : वेताची बैठक असलेली खुर्ची घ्यावी का? आमच्याकडच्या एका खुर्चीचा वेत सैल पडला आहे.

उत्तर : जरूर घ्यावी, पण वेत कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहून. बैठकीच्या चौकटीत भोवताली ओळीने छिद्रं असतील आणि वेताचे धागे त्यांतून आरपार गेले असतील, तर तो हाताने विणलेला आहे. छिद्रांऐवजी चौकटीच्या वरच्या बाजूला सलग खोबण असेल आणि तिच्यात एक जाड वेत ठोकून बसवलेला असेल, तर तयार विणलेलं जाळं खोबणीत दाबलेलं आहे. दुसरं बदलणं सोपं. जुना जाड वेत पटाशीने काढायचा, खोबण साफ करायची, नवं जाळं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून ओलं असतानाच बसवायचं आणि खोबणीत सरस घालून नवा जाड वेत ठोकायचा. वाळताना जाळं आकसतं आणि ताणून बसतं. दोन दिवस त्यावर बसू नये. पहिल्या प्रकारात सात टप्प्यांत हाताने विणावं लागतं आणि त्यासाठी जाणता विणकर हवा. त्याला छिद्राचा व्यास आणि दोन छिद्रांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये सांगा. वेताची रुंदी त्यावरूनच ठरते.

सैल पडलेला पण न तुटलेला वेत पुष्कळदा पाण्यानेच सुधारतो. खुर्ची उलटी ठेवा आणि खालच्या बाजूला ओलं, पिळलेलं फडकं अर्धा तास पसरून ठेवा. वरची चकचकीत बाजू पाणी शोषत नाही, खालची शोषते. वरून पाणी ओतलं तर काम तर होत नाहीच, शिवाय पॉलिश पांढरं पडतं. मग सावलीत, वाऱ्यावर एक दिवस वाळू द्या. एखाद-दुसरा धागा पुढच्या कडेपाशी तुटला असेल तर ही युक्ती पुरणार नाही. तुटण्याची सुरुवात तिथूनच होते, कारण बसणाऱ्याच्या मांडीचा दाब त्या कडेवर पडतो, आणि एक धागा गेला की शेजारच्यावर भार वाढतो.

वेतावर गुडघा टेकू नका, उभे तर मुळीच राहू नका. हीटरजवळ किंवा थेट उन्हात वेत कोरडा पडून कडकड तुटतो.

प्रश्न : वाफेने वाकवलेल्या गोल लाकडाच्या, ‘थोनेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या खुर्च्या खऱ्या कशा ओळखाव्यात?

उत्तर : मिशाएल थोनेट यांच्या कारखान्याची क्रमांक १४ ची खुर्ची १८५९ पासून बनू लागली. वाफवून वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा संसार. सुट्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, त्यामुळे ती जगभर गेली. थोनेट यांचा एकाधिकार १८६९ मध्ये संपला, आणि मग याकोब व योझेफ कोन यांच्यासह अनेक कारखान्यांनी तशाच खुर्च्या काढल्या. तेव्हा आकारावरून काही सिद्ध होत नाही. बैठकीच्या गोल कड्याच्या आतल्या बाजूला डागलेलं नाव किंवा कागदी चिठ्ठी शोधा. पण नाव नसलं म्हणून चांगली खुर्ची सोडू नका. त्या काळातल्या इतर कारखान्यांचं कामही उत्तम होतं.

तपासायच्या जागा दोन. मागचे पाय आणि पाठ हे एकाच सलग वाकवलेल्या दांड्याचे असतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला तंतू सुटून वर आलेले आहेत का, हे नखाने चाचपा. दुसरी जागा बैठकीच्या कड्याला पाय जोडणारे स्क्रू. सैल स्क्रूसह खुर्ची वापरत राहिलं की भोक मोठं होत जातं, आणि मग लोक अधिक जाड स्क्रू घुसवून कडंच फोडतात. बरोबर उपाय असा: भोक गोल करून घ्यावं, त्यात कठीण लाकडाची खुंटी सरसाने बसवावी, एक दिवस थांबावं आणि मूळ स्क्रूच्या मापाचं नवं भोक पाडावं.

प्रश्न : खुर्ची डुगडुगते. सुताराला न बोलावता घरी दुरुस्त होईल का?

उत्तर : नुसता सरस सुटला असेल आणि हातात धीर असेल तर होईल. आधी खुर्ची फरशीवरच्या दुसऱ्या जागी ठेवून पाहा. दोष फरशीचाही असू शकतो.

सांधे सैल असतील तर एकच सांधा नव्हे, सुटतील तेवढे सगळे उघडा. वरून फटीत गोंद ओतला तर तो जुन्या, कोरड्या सरसावर बसतो आणि महिन्याभरात सुटतो. गोंदाला लाकूड हवं असतं. सुटे करण्याआधी प्रत्येक भागावर चिकटपट्टी लावून पेन्सिलने जागा लिहा: ‘डावा पुढचा पाय’, ‘उजवी बाजूची पट्टी’. उजव्या-डाव्या पट्ट्या सारख्या दिसतात, पण अदलाबदल झाली की कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाची जीभ, खाचेत बसत नाही. रबरी हातोडीने, मध्ये लाकडाचा तुकडा धरून ठोका. सांधा हटला नाही तर आधी त्यात आडवी खुंटी किंवा लपलेला खिळा आहे का पाहा. तसं काही नसेल तर सिरिंजने थोडं कोमट पाणी आत सोडा आणि थांबा. जुना प्राणिज सरस पाण्याने आणि उष्णतेने मऊ होतो, हा त्याचा मोठा गुण.

मग कुसवावरचा आणि खाचेतला जुना सरस खरवडा, गरम पाण्याच्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. लाकूड खरवडू नका. कुसू अर्ध्या मिलिमीटरने बारीक झालं तरी सांधा ढिला बसतो. आधीच ढिलं असेल तर कुसवाला रंध्याची पातळ साल सरसाने चिकटवून जाडी वाढवा. फट गोंदाने भरून निघत नाही.

जोडण्याचा क्रम महत्त्वाचा. पुढचे दोन पाय आणि मधली पट्टी यांची पुढची चौकट, मागचे पाय आणि पाठ यांची मागची चौकट, अशा दोन चौकटी आधी जोडा. त्या वाळल्या की बाजूच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडा. प्रत्येक टप्पा आधी गोंदाविना बसवून, शिकंजे (क्लॅम्प) लावून पाहा. गोंद लावल्यावर बैठकीचे दोन्ही कर्ण मोजा. बैठक पुढे रुंद आणि मागे अरुंद असली तरी दोन्ही कर्ण सारखेच भरले पाहिजेत. कमी-जास्त असतील तर शिकंजा थोडा तिरका करून जुळवा. चारही पाय सपाट जागी टेकतात ना, हे सरस ओला असतानाच पाहा. शिकंजे २४ तास ठेवा.

गरम करून वापरायचा सरस साधारण ६० अंश सेल्सिअसला ठेवतात. तो काही मिनिटांतच घट्ट होऊ लागतो, म्हणून नवख्याने बाटलीतला द्रवरूप सरस घ्यावा. तो जुळवाजुळवीला अधिक वेळ देतो. एपॉक्सी नको. पुढच्या वेळी सांधा सुटायला हवा, आणि खुर्चीच्या आयुष्यात पुढची वेळ येतेच.

प्रश्न : पायाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत. कीड अजून जिवंत आहे का?

उत्तर : भोकांच्या कडा फिकट, स्वच्छ असतील आणि खाली ताजी भुकटी पडत असेल तर ती जिवंत धरावी. कडा काळ्या आणि आत धूळ असेल तर बहुधा जुनी. खात्रीसाठी खुर्ची काळ्या कागदावर ठेवून पायांवर टिचक्या मारा, कागद झटका आणि पुढचे काही आठवडे पाहत राहा. भोक म्हणजे किडा बाहेर पडल्याची वाट. अळी आत तीन-चार वर्षंही पोखरत राहू शकते, त्यामुळे दिसणारी भोकं थोडी असली तरी आतलं नुकसान मोठं असू शकतं. सांध्यांजवळ दाभण टोचा. ते सहज आत गेलं तर खुर्ची घेऊ नका. बीच आणि अक्रोड किडीला आवडतात, महोगनीत ती क्वचित.

पृष्ठभागावर गोल भोकांऐवजी उघडे, लांब चर दिसले तर कीड लागून गेल्यावर ते लाकूड कापलं आहे. म्हणजे जुन्या लाकडातून केलेलं नवं काम.

भोकांत औषध टोचून आतल्या सगळ्या अळ्यांपर्यंत ते पोहोचत नाही. गादी नसलेल्या, साध्या लाकडाच्या खुर्चीसाठी गोठवणं हा चांगला उपाय: प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे १८ अंशांना किमान दोन आठवडे. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत गुंडाळी सोडू नका, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं. उपाय होईपर्यंत ती खुर्ची बाकीच्या लाकडी सामानापासून लांब ठेवा.

प्रश्न : १९५० ते ७० च्या काळातल्या खुर्च्यांत काय वेगळं पाहावं?

उत्तर : प्लायवूड, फोम आणि कागदी दोरी. वाकवलेल्या प्लायवूडच्या खुर्चीत, जशी आर्ने याकोबसेन यांची १९५५ ची ‘सीरिज ७’, बैठक आणि पाठ यांच्यामधल्या अरुंद वळणावर आणि खाली पाय जोडलेल्या जागी तडे शोधा. थर नुसते सुटले असतील तर चिकटतात. आडवा तडा आरपार गेला असेल तर त्या खुर्चीवर भरवसा ठेवू नये.

हान्स वेगनर यांच्या १९४९ च्या विशबोन खुर्चीची बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीने विणलेली असते. ती वेताप्रमाणे भिजवू नका. ओल्या फडक्याने पुसण्यापुरतीच ओल. दोरी काळपट झाली तरी टिकते, पण पुढच्या कोपऱ्यांत पिसारली असेल तर पुन्हा विणायचा खर्च धरूनच सौदा करा. त्या काळातला फोम दाबल्यावर चुरचुरला तर तो विरला आहे, बदलावाच लागेल.

रंगवलेली खुर्ची असेल तर कोरडी घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं. आधी चाचणी करून घ्या. आणि ब्राझिलियन रोझवूडची खुर्ची दुसऱ्या देशातून आणणार असाल तर विक्रेत्याकडून कागदपत्रं आधी मागा. हे लाकूड १९९२ पासून धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि परवान्याविना ते सीमेवर अडकतं.

प्रश्न : जुनं पॉलिश काढून नवं करावं का? बैठकीचं कापडही बदलायचं आहे.

उत्तर : पॉलिश शक्यतो काढू नका. आधी मऊ ब्रशने धूळ, मग किंचित ओल्या कापडाने मळ काढा. पॉलिश कोणतं ते कळायला दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर लाखेचं आहे, आणि लाखेचं पॉलिश वरून नवा पातळ हात देऊन सुधारता येतं. सिलिकॉनचे फवारे टाळा, त्यांच्यावर पुढे कोणतंच पॉलिश नीट बसत नाही.

कापड बदलताना, गादी उचलून काढता येणारी असेल तर जुने थर आधी उतरवा. एकावर एक कापड चढवत गेलं की गादी चौकटीत ठोकून बसवावी लागते आणि ती चारही पट्ट्यांना बाहेर ढकलते. घट्ट असलेले सांधे अशानेच उघडतात. गादीच्या चौकटीभोवती प्रत्येक बाजूला दोनेक मिलिमीटर जागा हवी, जाड कापडाला थोडी जास्त. खाली बारीक चुका, म्हणजे लहान खिळे, वापरायच्या, आणि त्या ठोकायच्या त्या गादीच्या चौकटीत, खुर्चीच्या पट्टीत नव्हे.